मालनचा शिक्का

“आडवी म्हंजी डोकं कुनीकडं?” हौसाक्कानं विचारलं.

समाजमंदिरात बसलेल्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मी फरशीवर खडूनं दोन बाटल्या काढल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी. चित्रकलेत मी कधीच पुढे नव्हते, त्यामुळे माझी आडवी बाटली दोडक्यासारखी दिसत होती.

“डोकं कुनीकडं का असंना, आक्का. आडवी दिसली की तिच्यावर शिक्का हाणायचा. उभीकडं बघायचं सुदिक न्हाई.”

“आगं पर कागूद आडवा धरला तर? उभी आडवी दिसंल न् आडवी उभी.”

म्हातारी खुळी नव्हती. मी म्हटलं, “आक्का, कागूद धरायचाच न्हाई. टेबलावर ठेवत्यात तसा ठेवायचा न् मारायचा.”

आमच्या आंबेदऱ्यात देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं, अगदी स्टँडसमोर. ते उठवायचं तर गावातल्या बायकांचं मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. नियम मोठा तिरपागडा. मतदार यादीत जेवढ्या बायका, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान उठणार. जी घरी भाकऱ्या थापत बसली, जी माहेरी गेली, जी वारली पण यादीतून निघाली नाही, ती सगळी आपोआप दुकानदाराच्या पदरात. म्हणून आम्ही महिनाभर दारोदार फिरत होतो, आणि संध्याकाळी ही बाटल्यांची शाळा भरत होती.

मास्तरीण मी. खरं तर मी ब्लाउज शिवते. नवरा गेल्यावर माहेरी परत आले आणि धाकट्या भावाच्या, विलासच्या, घराला लागून एक खोली काढून मशीन टाकलं. मापं घेताना बायका जे बोलतात ते देवळातही बोलत नाहीत. कुणाच्या दंडावर वळ आहे आणि कुणाचा ब्लाउज दर वर्षी आत घ्यावा लागतो, हे मला ठाऊक होतं. सह्या गोळा करायची कल्पना त्या मशीनवरच निघाली.

माझा नवरा दारूनं मेला. आज मी हे सरळ सांगते. तेव्हा आम्ही ‘कावीळ झाली’ असं सांगायचो. सगळेच सांगायचे. कुणी कावीळ म्हणायचं, कुणी पोटात पाणी झालं म्हणायचं, रात्री गाडीवरून पडलेल्याला चक्कर आलेली असायची. मेल्या माणसाच्या नावाला दारूचा डाग कोण लावणार? याचा परिणाम असा झाला की आरोग्य खात्याचे एक नवीन साहेब आले, त्यांनी गावात काविळीनं गेलेल्यांची नावं ऐकली आणि घाबरून विहिरींत जंतू मारायची पोतंभर टीसीएल पावडर ओतायला लावली. पंधरा दिवस गावाच्या चहाला औषधाचा वास येत होता. पुरुषमाणसं चहाला तोंड वाकडं करत होती आणि त्यांना पावडरीचा वास नसलेलं जे मिळत होतं ते पीत होती. साहेब बिचारे पाण्याच्या बाटल्या भरभरून तपासायला नेत होते. खरी बाटली त्यांना कुणी दाखवलीच नाही.

त्या संध्याकाळी मी समाजमंदिरात प्रथमच मोठ्यानं बोलले, “माझा नवरा दारू पिऊन मेला. कावीळ न्हवती.” मग हौसाक्का म्हणाली, “माझा थोरला ल्योकबी.” मग एकेक सुरू झाली. बत्तिशीची, पस्तिशीची माणसं, कुणाचा दीर, कुणाचा जावई. बोलून झाल्यावर कुणी रडलं नाही. उलट सगळ्यांची तोंडं पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखी मोकळी झाली होती.

कोपऱ्यात बसलेल्या मालननं तेवढे कानांवर हात ठेवले होते.

मालन म्हणजे विलासची बायको, माझी भावजय. कामाला वाघीण, बोलायला गोड, आणि शिव्या द्यायला लागली तर झकास द्यायची. पण अभद्र शब्द तिच्या तोंडून बाहेर पडत नसे. बांगडी फुटली की ‘वाढली’ म्हणायचं, दिवा विझवला न म्हणता ‘मालवला’ म्हणायचं, हे आपल्या सगळ्याच बायका करतात. मालनचं मात्र अती होतं. घरातलं पीठ संपलं की ती ‘पीठ उदंड झालं’ म्हणायची. नवीन लग्न होऊन आली तेव्हा ‘वन्सं, शेंगा उदंड झाल्या’ असं म्हणाली आणि मी पायली घेऊन वाटणी न्यायला गेले, तर रिकामं पोतं. लहानपणी तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आपण बोलतो त्याला वास्तू तथास्तु म्हणते. तिनं ते मनावर घेतलं होतं.

अशा मालनच्या वाट्याला विलास आला होता.

विलास पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायचा. जळलेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता. त्याचा गाळा स्टँडवर, आणि गाळ्यासमोर जालिंदर शेटचं देशीचं दुकान. आधी तो संध्याकाळी जायचा. मग दुपारी. मग हात थरथरायचा थांबावा म्हणून सकाळीच. दिवाळीनंतर त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात सुई लावून पोटातलं पाणी काढावं लागलं. डॉक्टरांनी मालनला आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, “यकृत फार खराब झालंय. आता थेंब जरी घेतला तरी मी जबाबदार नाही.” मालन म्हणाली, “डॉक्टरसाब, चांगलं बोला की.”

विलासनं मात्र सोडली. खरंच सोडली. मतदानाचा दिवस ठरला तेव्हा त्याला सुटून बरेच आठवडे झाले होते. अंगावर मांस नव्हतं, पण डोळे पांढरे झाले होते, आणि तो पुन्हा गाळ्यावर जाऊ लागला होता.

मतदानाच्या दोन दिवस आधी दुपारी तो माझ्या खोलीत आला. मी काज करत होते. तो पलंगाच्या कडेला बसला आणि मशीनचं चाक उगाच फिरवून बघायला लागला.

“अक्का, निवडून येतंय न्हवं?”

“येतंय की. न येऊन सांगतंय कुनाला?”

“नक्की सांग.”

मी सुई खाली ठेवली. “का रं?”

“सकाळी माझं शटर वर करतो न्, तर समोर त्येचं शटर वर. दोगंबी एकाच टायमाला. दिसभर मोटारीत डोकं घालून बसतो. मनाला बांदून घालतो गं मी. पर पाय माझं न्हाईत. काल मी कवा उठलो न् रस्त्याच्या मधी कवा गेलो, मलाच कळलं न्हाई. यष्टी आली म्हनून थांबलो.”

“मग गाळा बदल की.”

“कुठं बदलू? गाव हाय केवडं?”

“आन् दुकान उठलं तर शेजारच्या गावात मिळंलच की तुला.”

तो हसला. किती दिवसांनी हसला असेल. “मिळंल. पर तितवर सायकल मारायची म्हंजी चढ हाय. तेवड्या वाटंत मला अक्कल येईल.” मग चाक धरून थांबवलं आणि म्हणाला, “त्ये शटर पडलं तर मी वाचतो, अक्का. न्हाई पडलं तर काय खरं न्हाई.”

“मालनला बोललास हे?”

“तिला काय बोलू? तिच्यासमोर ‘वाचतो’ म्हनायची सुदिक चोरी. लगीच म्हनंल, तुमाला काय झालंय, अभद्र बोलू नगा.”

आम्ही दोघंही हसलो. मालनच्या त्या सवयीवर आमच्या घरात इतकं हसून झालं होतं, की त्यात हसण्यासारखं काही नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मतदान शाळेत होतं. सकाळी उठून गेले तर रांग फाटकाबाहेर आलेली. मी पुढून मागे चालत गेले, कोण आली कोण नाही ते बघत, आणि मध्येच थांबले. एरवी या बायका मला एकेकट्या दिसायच्या. कुणी मळ्यात, कुणी पिठाच्या गिरणीत, कुणी माझ्या मशीनपाशी. त्या दिवशी त्या एका ओळीत उभ्या होत्या. किती मोकळी कपाळं! म्हाताऱ्यांची असणारच. पण विशी-तिशीतल्या, कडेवर पोर घेतलेल्या, अजून मी ज्यांच्या ब्लाउजला नव्या फॅशनचा गळा शिवायचे त्यांचीही. एवढ्या जणी आमच्याच गावात होत्या आणि आम्ही विहिरीत पावडर टाकत होतो.

मग मालन आली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, नाकात नथ. तिच्यामागे आमच्या आळीतल्या आठ-दहा जणी, त्याही तशाच नटलेल्या. त्यात शेवटी पूनम होती, अंकुशची बायको, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंकुश टेंपो चालवायचा आणि अलीकडे टेंपो त्याला घरी आणायचा.

“काय गं मालन,” मी म्हटलं, “मतदानाला आलीस का वडाला निघालीस?”

“शुभ काम हाय वन्सं. जरा नीट यावं म्हनलं.”

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. जिच्या नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता ती आळी गोळा करून आली होती. आता काळजी नाही, असं मी हौसाक्काला म्हटलंसुद्धा.

संध्याकाळी मोजणी झाली. मतदानाच्या साहेबांनी टेबलावर उभं राहून आकडे वाचले. आडवीचा आकडा ऐकून आम्ही ओरडलोच. मग ते म्हणाले, थांबा, यादीच्या निम्म्यापेक्षा हे थोडं कमी पडतं. किती थोडं? तर एवढं थोडं, की उभीवर पडलेल्या मूठभर शिक्क्यांतले निम्मे जरी इकडे आले असते तरी काम झालं असतं.

स्टँडवर जालिंदर शेटच्या माणसांनी फटाक्यांची माळ लावली.

“कोन ती अवदसा?” हौसाक्का कपाळ बडवत म्हणाली. “घरात बसल्याली मी समजते. पर एवडं चालत येऊन उभीवर शिक्का मारला ती कोन?”

माझं डोकं फिरलं होतं. जालिंदरची चुलती फाटकाशी उभी होती, तिला मी भर रस्त्यात नको नको ते बोलले. तिचाही एक पुतण्या पिऊनच गेला होता, हे मला नंतर आठवलं.

विलास शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं एक हात जरासा वर केला, जाऊ दे म्हटल्यासारखा, आणि घराकडे वळला. दुकानाकडे नाही, घराकडे. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, हातानं भाजी आणि तोंडानं शिव्या. त्या उभीवाल्यांच्या सात पिढ्या मी उद्धरत होते. मालननं एक जुडी निवडली, दुसरी ओढली. मग म्हणाली,

“वन्सं, उगं कुनाला तळतळाट देऊ नगा. उभीवर मारनाऱ्या काय वंगाळ बाया न्हाईत.”

“तुला काय म्हाईत कोन हाईत?”

“मीच हाय की.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. काडी मोडून तिनं पानं पाटीत टाकली.

“मालन, तू उभीवर मारलास?”

“व्हय.”

“चुकून?”

“न्हाई. चुकून कशी मारीन? तुमी एवडं शिकीवलं हुतं.”

“आगं मग डोकं ठिकाणावर हाय का तुझं? कुनी सांगितलं तुला? जालिंदर आला हुता?”

“कुनी न्हाई आलं.” ती हातातली जुडी खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली. “दवाखान्यात ह्येंच्याजवळ बसले हुते न्, तवा समद्या खाटांवर मानसं आडवी. रोज सकाळी एक खाट मोकळी व्हायाची. मी देवाला म्हनत हुते, ह्यांना उभं कर. दुसरं काय मागत न्हाई, उभं तेवडं ऱ्हाऊ दे. त्यानं ऐकलं. ह्ये उभं ऱ्हायले, घरी आले. आन् मी तितं जाऊन माझ्या हातानं आडव्यावर शिक्का मारू? कुकू लावलेल्या कपाळानं?”

“आगं ती बाटली हाय, मालन! मानूस न्हवं!”

“बाटली न् मानूस आपल्या घरात येगळं ऱ्हायलंय कुठं, वन्सं?”

मी भाजीची पाटी बाजूला सारली.

“मी हातात शिक्का धरला,” ती म्हणाली, “न् आडव्यावर नेला बी हुता. खरंच नेला हुता. पर हात अडला. तुमचं येगळं हाय. तुमास्नी आता...” ती थांबली. शब्द शोधत राहिली. तिच्याजवळ त्यासाठी शुभ शब्द नव्हता. “तुमी एवड्या जनी व्हताच की आडवीवर मारायला. मला वाटलं, माझ्या एका शिक्क्यानं काय हुतंय? दुकान काय, बंद पडतंयच. माझा आपला शकुन ऱ्हाईल.”

“आन् आळीतल्या?”

“त्याबी इचारत हुत्या. त्यांच्याबी मनात हुतं त्येच. मी म्हनलं, जिचं मानूस पितंय पर उभं हाय, तिनं उभीवर मारावं.”

तिच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. खरंच वाटलं, हात शिवशिवला. विलास माझ्याकडे येऊन काय बोलून गेला ते जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि तेवढ्यात तिनं विचारलं,

“माझ्यामुळं गेलं काय वन्सं?”

तिचे डोळे असे झाले होते की मी ते बोलणं गिळलं. पुढचे दिवस तिलाच काढायचे होते त्याच्यासोबत. तिच्या ओच्यात निखारा टाकून माझ्या भावाचं काय भलं होणार होतं?

“न्हाई गं,” मी म्हटलं. “एका मतानं काय हुतंय.”

विलासनं उन्हाळ्यापर्यंत दम काढला. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात बेवड्याला मन नसतं. रोज सकाळी समोरचं शटर आणि आपलं शटर एकाच वेळी वर करून त्या माणसानं उन्हाळा गाठला. मग विहिरी खाली गेल्या, मोटारी जळायला लागल्या, गाळ्यात रांग लागली. शेतकरी घाईला आलेले. एकानं त्याच्या हातावर उपकार म्हणून समोरूनच आणून बाटली ठेवली. त्याला काही माहीत नव्हतं, परगावचा होता. विलासनं ती दुपारपर्यंत हत्यारांच्या पेटीत ठेवली होती म्हणे. दुपारनंतर ठेवली नाही.

श्रावणात त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं. या वेळी सुई लावूनही पोट उतरलं नाही. शेवटच्या दिवशी मालन चहा आणायला खाली गेली होती तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं.

“अक्का, थोडक्यात गेलं न्हवं गं?”

तो मतदानाबद्दल बोलत होता की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, “व्हय रं बाबा. थोडक्यात.”

त्याला पोचवायला माणसं आली. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय झालं हुतं? आणि मालन भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून सांगायची, “कावीळ.” मी शेजारी बसून ऐकायचे. प्रत्येक वेळी.

मतदान हरलं की वर्षभर पुन्हा मागता येत नाही. ते वर्ष गेल्यावर आम्ही परत सह्या घेतल्या. मालननं सही केली, पण ती आमच्यासोबत फिरली नाही. समाजमंदिरातही आली नाही. मी पण तिला ओढलं नाही. खरं सांगायचं तर मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि तिला माझ्या. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहत होतो आणि मीठ मागायलाही आळीतल्या पोरीला पाठवत होतो.

दुसऱ्या मतदानाला सकाळी ती आली. एकटीच, फिकट साडीत. रांगेत माझ्यामागे चार-पाच जणी सोडून उभी राहिली. आणि मग आळीतल्या बायका आल्या. गेल्या वर्षीइतक्या नव्हत्या. त्यांच्यातल्या दोघी आता आमच्यासारख्या झाल्या होत्या, त्या वेगळ्या आल्या. पूनम मात्र तशीच आली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, कुंकू. पोट पुढे आलेलं, सातवा महिना असावा. काही बोलावं तर रांगेवर पोलीस उभा, आणि बोलू काय? सवाष्ण पोरीला, पोटुशीला, मी विधवेनं काय सांगायचं?

मालन रांग सोडून सरळ तिच्यापाशी गेली.

“पूनम, कशावर मारनार हाईस?”

पूनमनं मान खाली घातली. “काकू, मला भ्या वाटतंय. गेल्या साली तुमीच म्हनला हुता...”

“म्हनले हुते. आता ऐक. माझा नवरा मेला.”

गेला नाही, वारला नाही, देवाघरी गेला नाही. मेला. मालनच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

“दारू पिऊन मेला. कावीळ न्हवती त्याला. मी समद्यांस्नी खोटं सांगत हुते. मी उभीवर शिक्का मारला न् त्यो आडवा झाला. रगात वकून मेला, माझ्या मांडीवर. तू आज आडवीवर मारला न्हाईस तर तुझा अंकुशबी मरंल. असाच मरंल.”

पूनम रडायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “आगं मालन, शुभ बोल की जरा. पोटुशी पोरगी हाय ती.”

मालन वळली. आवाज चढला नव्हता, पण तो शाळेच्या व्हरांड्यापर्यंत गेला असणार. “शुभ बोलूनच मेला त्यो.”

पोलीस पुढे आला आणि म्हणाला, ए बाई, रांगेत प्रचार चालत नाही, जागेवर जा. ती जागेवर गेली. माझ्याजवळून जाताना थांबली.

“एका मतानं हुतंय, वन्सं,” ती म्हणाली. “मला तवाच कळलं हुतं. तुमी मला जपलंत.”

मी तिचा हात धरला. तो गार होता.

त्या वेळी बाटली आडवी झाली, चांगल्या मतांनी झाली. हौसाक्कानं गुलालाची पिशवी आणली होती, तिनं विधवा-सवाष्ण न बघता सगळ्यांच्या कपाळांना फासला. बायका नाचल्या. जालिंदरनं शटर ओढलं तेव्हा समोरच विलासच्या गाळ्याचं शटर होतं, ते तर सहा महिने बंदच होतं. मी दोन्ही शटरांच्या मध्ये रस्त्यात उभी राहून मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं आनंदानं रडते आहे.

आता त्याला बरीच वर्षं झाली. गावातले सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही. काही जण चढ चढून शेजारच्या गावाला जातात, त्यातले काही मेलेही. पण चढाबद्दल विलास म्हणाला होता ते काहींच्या बाबतीत खरं ठरलं. पूनमचा अंकुश त्यातला एक. आधी जायचा, मग रोजचा कंटाळा करू लागला, मग लेक झाली आणि सुटलीच. आज त्याचे स्वतःचे दोन टेंपो आहेत, केस पांढरे व्हायला लागलेत, पोरगी कॉलेजात जाते.

सकाळी टेंपो काढला की तो आमच्या दारावरून जातो. न चुकता हळू करतो आणि हाक मारतो, “मालनकाकू, बरं हाय का?”

ती म्हणते, “हाय रं बाबा, जपून जा.” आणि त्याचा टेंपो वळेपर्यंत दारात थांबते. मग आत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. मी तेवढ्या वेळात तिला हाक मारत नाही.